क्रिकेटचे आजोळ

कोल्हापुरात घराणे हा शब्द जपून वापरावा लागतो. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाने येथे राहिले, त्यामुळे गाण्यातले घराणे म्हणजे काय हे गावाला ठाऊक आहे. तालमीत तर वस्ताद कोणाचा पठ्ठा, आणि त्या वस्तादाचा वस्ताद कोण, हे विचारल्याशिवाय पोराच्या अंगाला माती लागत नाही. अशा गावात क्रिकेटचे घराणे म्हटले की एकच आडनाव पुढे येते, ते निंबाळकरांचे.

भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट मी आजोबांकडून इतक्या वेळा ऐकली आहे, की ती सांगताना त्यांचा आवाज कोठे चढणार हेही मला पाठ झाले होते. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी करंडकाचा सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब नाबाद ४४३. के. व्ही. भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या तेव्हा काठियावाडच्या कर्णधाराने, म्हणजे राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना सोडून दिला. त्या वेळी प्रथम श्रेणीतील सर्वोच्च धावसंख्या ब्रॅडमन यांची नाबाद ४५२ होती. आजोबा नेहमी ‘नऊ धावा राहिल्या’ म्हणत. विक्रम मोडण्यासाठी दहा लागल्या असत्या, हे मी एकदा लहानपणी सुचवून पाहिले आणि पुढचे दोन दिवस त्यांचा अबोला सोसला. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च धावसंख्या आजही हीच आहे, आणि ती करणाऱ्या माणसाच्या वाट्याला एकही अधिकृत कसोटी सामना आला नाही.

परंतु घराणे एका माणसाचे नसते. भाऊसाहेबांचे थोरले बंधू रावसाहेब यष्टिरक्षक होते, बडोद्याकडून खेळले आणि १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेले. भाऊसाहेबांचे चिरंजीव सूर्याजी हेही प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले. वडील, काका आणि मुलगा, तिघांचे आडनाव एक, त्यामुळे कोणत्याही यादीत हे घराणे चटकन सापडते. माझा मुद्दा येथूनच सुरू होतो. क्रिकेटची घराणी मोजताना आपण आडनावे मोजतो आणि आडनाव बदलले की वारसा संपला असे समजतो. प्रत्यक्षात यातला बराचसा वारसा आजोळकडून आलेला असतो.

रावसाहेबांच्याच दौऱ्याचे उदाहरण घ्या. १९४६ च्या संघात दोन यष्टिरक्षक होते आणि दोघेही मराठी. कसोटीत खेळले ते दत्ताराम हिंडलेकर. मँचेस्टरची कसोटी वाचवताना शेवटची जोडी सोहोनी आणि हिंडलेकर यांची होती आणि त्यांनी अखेरची तेरा मिनिटे तग धरला. रावसाहेब कसोटी न खेळताच परतले. हिंडलेकर मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी करत, आणि १९४९ मध्ये, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या आडनावाचा दुसरा कसोटीपटू झाला नाही, म्हणून तेथे रेघ ओढून मोकळे व्हावे असे वाटते. पण विजय मांजरेकर हे हिंडलेकरांचे भाचे, आणि संजय मांजरेकर हे विजय यांचे चिरंजीव. म्हणजे १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये कसोटी खेळलेल्या माणसापासून १९८९ मध्ये लाहोरला २१८ धावा काढणाऱ्या फलंदाजापर्यंत तीन पिढ्यांची सरळ वाट आहे. फक्त वाटेत एक नाते असे येते, ज्यात आडनाव पुढे जात नाही.

या संदर्भात मला लीड्सचा एक धावफलक फार आवडतो. तो भारतीय क्रिकेटमधील सर्वांत लाजिरवाण्या धावफलकांपैकी एक आहे, हे मान्य. जून १९५२ मधील कसोटी. पहिल्या डावात वीस वर्षांच्या विजय मांजरेकरांनी १३३ धावा केल्या. दुसऱ्या डावात फलकावर शून्य धावा आणि चार गडी बाद, अशी अवस्था झाली. तिघांना पहिलाच कसोटी सामना खेळणाऱ्या ट्रूमनने आणि एकाला बेडसरने बाद केले. बाद झालेले चौघे होते पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर. आता हीच चार नावे घराण्यांच्या दृष्टीने पुन्हा वाचावीत. पंकज रॉय यांचे चिरंजीव प्रणब आणि पुतणे अंबर, दोघेही पुढे कसोटी खेळले. दत्ता गायकवाडांचे अंशुमान चाळीस कसोटी खेळले, आणि अंशुमान यांचे चिरंजीव शत्रुंजय बडोद्याकडून प्रथम श्रेणीत उतरले. मांजरेकरांचे संजय. आणि मंत्रींचे? मंत्रींचे भाचे सुनील गावसकर. शून्यावर परतलेल्या त्या चौघांपैकी एकाचेही घर पुढच्या पिढीत कसोटीवाचून राहिले नाही. हे केवळ मुलांपुरते पाहिले असते तर मंत्री त्यातून वगळले गेले असते, आणि चौघांच्या पुढच्या पिढीतला सर्वांत मोठा फलंदाज नेमका त्यांच्याच वाट्याचा आहे.

त्या सामन्यात विनू मंकड का नव्हते, हेही सांगण्यासारखे आहे. ते इंग्लंडमध्येच होते, पण लँकेशायर लीगमधील हॅसलिंग्डन क्लबशी व्यावसायिक खेळाडू म्हणून करारबद्ध होते. पुढच्या, लॉर्ड्सच्या कसोटीसाठी त्यांना मोकळीक मिळाली आणि त्यांनी ७२ व १८४ धावा केल्या. आपल्याकडे त्या काळी क्रिकेटवर पोट भरणे म्हणजे संस्थानिकांचा आश्रय किंवा रेल्वेसारखी नोकरी. भाऊसाहेबही होळकरांच्या संघातून खेळले आणि रेल्वेकडूनही. खेळण्याचेच पैसे घेणारा मंकडांसारखा माणूस त्या मानाने विरळा. त्यांचे चिरंजीव अशोक पुढे बावीस कसोटी खेळले.

गावसकरांच्या घराकडे वळतो. मामांच्या घरी भारताचे बोधचिन्ह असलेले स्वेटर पाहून लहान सुनीलने त्यातला एक मागितला, आणि मामांनी तो घाम गाळून मिळवावा लागतो असे सांगून नाकारला, हा प्रसंग सर्वांना माहीत आहे. मामाने भाच्याला काही नाकारावे, हे आपल्याकडे किती दुर्मीळ आहे याचा विचार केला की त्या नकाराचे वजन कळते. पण त्याच बालपणातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. घरात टेनिसच्या चेंडूने गोलंदाजी करत असे ती आई, आणि लेकाचा एक जोरकस फटका तिच्या नाकावर बसला होता. मंत्री चार कसोटी खेळले, त्यांची नोंद आहे. भावाचा खेळ आपल्या सासरच्या घरात आणणाऱ्या बहिणीची नोंद कोणत्याही धावफलकावर नाही. पुढे सुनील यांची बहीण गुंडप्पा विश्वनाथ यांना दिली, म्हणजे नात्याचा आणखी एक धागा स्त्रीकडूनच जोडला गेला. सुनील यांचे चिरंजीव रोहन यांच्या नावात तर रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ अशी तीन क्रिकेटपटूंची नावे गुंफलेली आहेत. नामकरणातच अर्धा संघ उभा करणारे दुसरे घर माझ्या पाहण्यात नाही. जानेवारी १९८२ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलामीला उतरले ते गावसकर आणि प्रणब रॉय, म्हणजे मंत्रींचा भाचा आणि पंकज रॉय यांचा मुलगा, आणि त्याच सामन्यात विश्वनाथ यांनी २२२ धावा केल्या. लीड्सच्या शून्याची परतफेड व्हायला तीस वर्षे लागली, असे म्हणायचा मोह होतो.

हे केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. इयान, ग्रेग आणि ट्रेव्हर हे तिघे चॅपेल बंधू ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार व्हिक रिचर्डसन यांच्या मुलीचे मुलगे. पाकिस्तानचे जावेद बर्की, माजिद खान आणि इम्रान खान हे तीन कर्णधार एकमेकांचे मावसभाऊ, त्यांच्या आया सख्ख्या बहिणी. माजिद यांचे वडील जहांगीर खान १९३२ मध्ये भारताच्या पहिल्या कसोटीत खेळले होते आणि माजिद यांचे चिरंजीव बाझिद २००५ मध्ये पाकिस्तानकडून एक कसोटी खेळले, म्हणून त्या घराची गणना आजोबा-वडील-नातू अशी होते. बहिणींचा उल्लेख झालाच तर इम्रान यांच्या संदर्भात ओझरता होतो.

केवळ वडिलांकडून चालत आलेले घराणे पाहायचे तर हेडलींचे पाहावे. जॉर्ज हेडली वेस्ट इंडीजकडून बावीस कसोटींत दहा शतके करून गेले आणि मंकडांच्या आधी त्याच हॅसलिंग्डनमध्ये व्यावसायिक म्हणून खेळले. त्यांचे चिरंजीव रॉन आयुष्यभर इंग्लंडमधील वूस्टरशायरमध्ये रमले आणि वेस्ट इंडीजकडून दोनच कसोटी खेळले. रॉन यांचे चिरंजीव डीन इंग्लंडकडून खेळले, आणि १९९८ मध्ये मेलबर्नला सहा बळी घेऊन त्यांनी इंग्लंडला बारा धावांनी जिंकून दिले. आजोबा फलंदाज, नातू वेगवान गोलंदाज, आणि मधल्या पिढीत देशच बदललेला. तिघांचेही पोट क्रिकेटवर चालले, पण आजोबांचा फटका नातवाकडे आला असे काही दिसत नाही. त्या घरात क्रिकेट हे काम मानले जात होते, एवढे मात्र नक्की.

मुलींच्या बाबतीत काय होत असे, याचे उत्तर पुण्यात मिळते. महाराष्ट्राला लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकून देणारे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या तिन्ही मुली बॅडमिंटन खेळल्या आणि राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. त्या काळी त्यांच्यासाठी क्रिकेटचा संघ असता तर काय झाले असते, असे मला नेहमी वाटते. आज आमच्या भागात चित्र वेगळे आहे. सांगलीच्या स्मृती मानधनाचे वडील आणि भाऊ दोघेही जिल्हा पातळीवर खेळलेले, आणि घराण्याचे नाव झाले ते तिच्यामुळे. कोल्हापूरची अनुजा पाटील भारताकडून टी-ट्वेंटी सामने खेळली.

आमच्या घरात कोणी जिल्ह्यापर्यंतही पोहोचले नाही. मामा तेवढे पेठेच्या संघातून ऑफस्पिन टाकत, आणि सुट्टीत आजोळी गेलो की बोळात मला चेंडू फिरवायला शिकवत. बोटांची ती पकड त्यांनी कोणाकडून उचलली, हे मी चाळिशी उलटल्यावर विचारले. ते म्हणाले, ‘‘तुझ्या आईकडून.’’ मी घरी येऊन आईला छेडले, तर भाकरी थापता थापता मान वर न करता ती म्हणाली, ‘‘त्याला फलंदाजी पाहिजे असायची. मग टाकायला घरात दुसरं कोण होतं?’’