तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्यासाठी निळा कुठला?

माझं चित्र बघून झालं की पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. "ताई, पाण्यासाठी निळा कुठला वापरता?" क्लासला नवीन आलेले विचारतात, नदीकाठी काढत बसले असले की मागे येऊन थांबलेले काका विचारतात, मेसेजमध्ये तर कायमच. आणि त्याच्याच पोटातला दुसरा प्रश्न, की आम्ही काढलेलं पाणी खरं का वाटत नाही, निळी चादर अंथरल्यासारखं का दिसतं. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावंच.

आधी सरळ उत्तर. मी जलरंगात काढते, आणि त्यातले निळे म्हणजे अल्ट्रामरीन आणि कोबाल्ट. दोन्ही पुण्यात अप्पा बळवंत चौकात कुठेही मिळतील. पण खरं सांगू का, पुण्याच्या आसपासचं पाणी काढताना माझ्या या ट्यूब फार हळू संपतात. भराभर संपतात त्या रॉ अंबर आणि बर्न्ट सिएना या तपकिरी रंगांच्या, त्यात थोडा अल्ट्रामरीन घातला की छान राखाडी होतो, गरम (तपकिरीकडे झुकणारा) पाहिजे तर गरम, थंड (निळसर) पाहिजे तर थंड. कारण पाण्याला आपण काढतो तेवढ्या खोलीत स्वतःचा असा रंग जवळपास नसतोच. आपल्याला दिसतं ते वरचं आकाश, समोरचा काठ, आणि खालचा तळ किंवा पाण्यातला गाळ. या तिघांपैकी कुठे कोण दिसणार हे आपण कुठून बघतोय त्यावर ठरतं, आणि माझ्या मते पाणी शिकणं म्हणजे हे एवढं नीट बघायला शिकणं, बाकी ब्रश चालवणं सरावाने येतंच.

पुण्यात मुठा नदीवरच्या झेड ब्रिजवर जाऊन बघा. उन्हाळ्यात, नदीला पाणी कमी असताना. कठड्यावरून सरळ खाली बघितलं की काळपट हिरवं-तपकिरी दिसतं, दगड, शेवाळ, अडकलेलं काहीबाही. तसेच उभे राहा आणि नजर हळूहळू वर न्या, लकडी पुलाच्या दिशेने. तीच नदी, तेच पाणी, पण तळ विरत जातो आणि लांबचं पाणी आकाशाच्या रंगाचं होतं. मे महिन्यात आपलं आकाश दुपारी पांढुरकं असतं, तर पाणीही पांढुरकंच. निळं कुठेच नाही!

याचं गणित ऑगस्टिन फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने दोनशे वर्षांपूर्वी मांडून ठेवलंय, दीपगृहाच्या भिंगाला ज्याचं नाव आहे तोच हा. शांत पाण्याकडे सरळ वरून बघितलं तर पृष्ठभागावरून फक्त २ टक्के उजेड परत येतो, बाकीचा आत जातो, म्हणून तळ दिसतो. आता समजा तुम्ही काठावर उभे आहात आणि तुमचा डोळा पाण्यापासून ५ फूट वर आहे. २८ फुटांवरच्या पाण्यातून साधारण एक तृतीयांश उजेड परावर्तित होतो, आणि ३०० फुटांच्या आसपास तो ९० टक्क्यांवर जातो. म्हणजे जवळ तळ, लांब आरसा, आणि मध्ये कुठेतरी दोन्हींची सरमिसळ. चित्रात ही मधली सरमिसळ साधली की लोक म्हणतात वा, पाणी ओलं दिसतंय.

आणि यात अजून एक भर. लांबच्या पाण्यात आकाशाचा खालचा, क्षितिजाजवळचा फिका भाग दिसतो आणि पायाजवळच्या पाण्यात डोक्यावरचा गडद भाग. म्हणून बहुतेक वेळा कागदाच्या खालच्या बाजूला पाणी गडद आणि वर जाताना फिकं होत जातं. वरपासून खालपर्यंत एकच निळा फिरवला की चादर होते ती यामुळेच.

आता प्रतिबिंब. सगळ्यांना वाटतं काठ काढायचा आणि तोच खाली उलटा काढायचा. तसं नसतं. बंडगार्डनला जुना फिट्झगेराल्ड पूल आहे ना, १८६७ चा, दगडी कमानींचा, तिथे खाली काठाजवळ बसून बघा. प्रतिबिंबात पूल जसा दिसतो तो आपला डोळा पाण्याच्या वर जेवढा आहे तेवढाच पाण्याखाली नेऊन वर बघितल्यासारखा. त्यामुळे कमानीची खालची, सावलीतली बाजू वर जेवढी दिसते त्यापेक्षा पाण्यात जास्त दिसते. तसंच काठावरून बरीच मागे असलेली इमारत वर अख्खी दिसते, पाण्यात मात्र तिचा वरचाच तुकडा उरतो, काही वेळा तोही नाही. हे कोणी बघत नाही आणि सगळे ट्रेसिंग केल्यासारखं उलटं काढतात, मग चित्रात काहीतरी खटकतं आणि काय ते कळत नाही.

रंगाचंही तसंच. उजळ वस्तूचं प्रतिबिंब तिच्यापेक्षा थोडं गडद असतं, कारण सगळा उजेड काही परत येत नाही. आणि गडद वस्तूचं प्रतिबिंब तिच्यापेक्षा थोडं उजळ, कारण पाण्यातल्या गाळाचा स्वतःचा उजेड त्यात मिसळतो. पांढरी भिंत पाण्यात पांढरी ठेवू नका आणि काळं झाड पाण्यात काळं करू नका, दोघांना एकमेकांच्या जवळ आणा. सगळ्यात पटकन फरक पडणारी गोष्ट विचाराल तर मी हीच सांगेन.

पावसाळ्यात मात्र पाण्याचं वागणं बदलतं. खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठा दुथडी भरून वाहते, भिडे पूल पाण्याखाली जातो आणि सगळा रंग मातीचा. या पाण्यात इतका गाळ असतो की ते जवळजवळ जमिनीसारखं वागतं, म्हणजे त्यावर सावली पडते. ऊन आलं की पुलाची सावली पाण्यावर चक्क पट्ट्यासारखी दिसते, आणि प्रतिबिंब वेगळं, वेगळ्या जागी. स्वच्छ खोल पाण्यावर अशी सावली दिसतच नाही, तिथे जे गडद दिसतं ते प्रतिबिंब असतं. क्लासमध्ये यावरून भरपूर चर्चा होते आणि मला ती फार आवडते, कारण एकदा हे डोळ्यांनी बघितलं की माणूस मग सवयीने काहीबाही काढत नाही, तिथे जाऊन बघून येतो.

हाताच्या कामाचं विचाराल तर जलरंगात सगळा खेळ कागद किती ओला आहे यावर. ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कॉटन कागद घ्या, महाग आहे, पण पाण्याच्या चित्राला यावर काटकसर करू नका, रंग स्वस्तातले चालतील. आधी आकाशाचा रंग पाण्याच्या भागात सगळीकडे ओला पसरायचा. मग थांबायचं. कागद तिरका धरून उजेडात बघत राहायचं, आधी त्यावर चकाकी असते, मग ती चकाकी हळूच उतरते आणि नुसती ओलसर झाक राहते. तो क्षण. तेव्हा प्रतिबिंबाचा रंग दाट करून, ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी ठेवून, वरून खाली उभे फटके मारायचे. कडा आपोआप मऊ होतात आणि फटका पसरूनही जात नाही. ब्रशमध्ये पाणी जास्त असेल तर रंग ढकलला जातो आणि कोबीच्या पानासारखी वेडीवाकडी कड उमटते, ती मग जात नाही. सगळं पूर्ण वाळलं की बारीक आडव्या रेघा, तरंगांच्या, जवळ रुंद आणि मोकळ्या, लांब जाताना बारीक आणि दाट. प्रतिबिंब उभं, तरंग आडवे. तरंग अगदी मोजके, हात आवरता आला पाहिजे.

एप्रिलमध्ये पुण्यात हा ओला वेळ फारच कमी मिळतो, आकाश संपेपर्यंत कागद कोरडा. म्हणून मी उन्हाळ्यात कागद दोन्ही बाजूंनी भिजवून बोर्डावर चिकटवते. जुलैत उलट, एक वॉश, म्हणजे रंगाचा पातळ ओला थर, वाळायची वाट बघत दोन चहा होतात, पण मऊ प्रतिबिंबांसाठी मला तेच दिवस आवडतात.

चमक? पांढरा रंग लावून नाही. खडकवासला चौपाटीवर संध्याकाळी सूर्य समोर आला की पाण्यावर जे हजारो ठिपके चमकतात ते कागदाचंच पांढरं. खरखरीत कागद, ब्रश आडवा, त्यात रंग कमी, आणि हात भरकन एका दमात फिरवायचा, म्हणजे रंग कागदाच्या उंचवट्यांवर लागतो आणि खळग्यांतलं पांढरं उरतं. मास्किंग फ्लुइडने (कागदाचं पांढरं झाकून ठेवणारा, नंतर खरवडून काढायचा द्रव) पण होतं, मला त्याच्या कडा फार कापल्यासारख्या वाटतात.

"फोटोवरून काढलं तर चालेल का?" हेही बरेच जण विचारतात. चालेल, पण फोनमध्ये एकतर आकाशाचं प्रतिबिंब पांढरं फटक होतं नाहीतर काठाची सावली काळी ठिक्कर, मधले रंग जातात, आणि पाण्यात तेच तर सगळं असतं. त्यापेक्षा पोलराइज्ड गॉगल असेल तर तो घेऊन काठावर जा. साधारण सहा-सात फुटांवरच्या पाण्याकडे बघा, चमक गायब होऊन तळ दिसेल. आता गॉगल काढून डोळ्यांसमोर उभा फिरवा, आकाश परत पाण्यावर येईल. आकाशाचा थर आणि तळाचा थर असे वेगवेगळे एकदा बघितलेत की कागदावर आधी काय लावायचं आणि नंतर काय हे मला समजावून सांगायला लागणार नाही.

नवीन असाल तर सुरुवात पाषाण तलावावर करा. पोस्टकार्डाएवढा कागद, एकच सेपिया (गडद तपकिरी रंग), फक्त तीन छटा, फिकी, मधली, गडद. सकाळी लवकर जा, ऊन वर आलं की वारा सुटतो आणि प्रतिबिंबं मोडतात.