हैदराबादची जीआयएस (संगणकी नकाशांची) परिषद: वर्कशॉपला जाणाऱ्यांनी हे आधी वाचा

डेटा आणि सॉफ्टवेअरची यादी हातात पडल्याशिवाय वर्कशॉपचे वेगळे पैसे अजिबात भरू नका. पत्रिकेत ‘प्रत्यक्ष सराव’ छापलेलं. सकाळ गेली डाउनलोडची पट्टी बघण्यात. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरचा विंडोज इन्स्टॉलर एक जीबीच्या वर जातो. भरल्या हॉलमध्ये सगळ्यांनी एकाच वायफायवर तो उतरवायला घेतला की कुणाचाच पुरा होत नाही. एलटीआर, म्हणजे दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी स्थिर आवृत्ती, घरूनच टाकून न्या.

खरा घोळ डेटात होता. रस्त्यांच्या शेपफाइलच्या (अनेक फाइली मिळून बनणारा नकाशाचा डेटा) झिपमध्ये एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ होत्या, पण निर्देशांक कुठल्या पद्धतीचे ते सांगणारी पीआरजे नव्हती. मग पुण्या-मुंबईकडच्यांनी सवयीप्रमाणे ईपीएसजी (निर्देशांक पद्धतीचा क्रमांक) ३२६४३, म्हणजे यूटीएम झोन ४३ (यूटीएममध्ये पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे), दिला. पण ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला झोन ४४ लागतो, आणि हैदराबाद त्यातच येतं. एक झोन चुकला की थर (नकाशाचा लेयर) सहा अंश पश्चिमेला सरकतो. हैदराबादचे रस्ते गुहागरसमोर, भर अरबी समुद्रात!

त्यावर ‘रीप्रोजेक्ट’, म्हणजे निर्देशांक दुसऱ्या पद्धतीत बदलून घ्यायला, सांगणं हा शुद्ध निष्काळजीपणा. त्याने चुकीच्या जागेचेच नवे आकडे तयार होतात आणि घोटाळा फाइलमध्ये पक्का बसतो. ती रीप्रोजेक्ट केलेली फाइल काढून टाका, मूळ थर पुन्हा उघडा, प्रॉपर्टीजमध्ये सोर्सवर जाऊन सीआरएस (निर्देशांक पद्धत) ३२६४४, म्हणजे झोन ४४, नेमा. पार्श्वभूमीला ओपनस्ट्रीटमॅप लावून एखादा चौक जुळतो का बघा, मगच पुढे जा. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीवर काम करणाऱ्यांनाही हाच झोन ४४ लागतो. आणि ५०० मीटरचा बफर (भोवतीचा पट्टा) ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशात, काढू नका; तिथे ५०० म्हणजे ५०० अंश.

गावांची नावं मराठीत असतील तर डीबीएफ (शेपफाइलमधला माहितीचा तक्ता) उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, नाहीतर नुसती चिन्हं दिसतात. शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव दहा अक्षरांवर कापलं जातं, म्हणून आपला डेटा जिओपॅकेजमध्येच (सगळं एकाच फाइलमध्ये ठेवणारा प्रकार) न्या.

भाषणं चांगली होती, ड्रोन सर्वेक्षणाची तर उत्तमच. स्टॉल टाळले तरी चालतील.

सिकंदराबादला उतरलात तर रिक्षावाल्यांच्या तोंडी भावाला भुलू नका, भलतेच पैसे सांगतात. सिकंदराबाद ईस्टहून रायदुर्गकडे जाणारी निळी मेट्रो पकडा. हायटेक सिटीपर्यंत गाडी बदलावी लागत नाही. पुढच्या टप्प्यापुरती रिक्षा ॲपवरून बोलवा.