कोयासान: आईसोबत देवळात मुक्काम

देवळात शिरताना चपला काढायच्या, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण काढल्यावर पाय कुठे ठेवायचा, हे मी जपानमधल्या कोयासान या मंदिरांच्या डोंगरावर शिकले. जपानी घरात किंवा मंदिरात शिरल्या शिरल्या एक खालची फरशी असते, तिला गेनकान म्हणतात. बाहेरची धूळ तिथपर्यंतच. आईने सवयीने बूट काढले आणि मोज्यांनिशी त्याच फरशीवर उभी राहिली. समोरचे तरुण भिक्षू काही बोलले नाहीत, फक्त वाकून वरच्या लाकडी पायरीवर त्यांनी तळहात टेकवला. बुटातून निघालेला पाय थेट तिथे पडायला हवा होता. मग त्यांनी आमचे बूट उचलले आणि दाराकडे तोंड करून नीट जोडीने ठेवले. दुसऱ्या वेळेपासून ते काम आईने स्वतःकडे घेतलं.

जपानला जायचं तर टोकियो-क्योटो सगळेच करतात, जरूर करा. पण दोन दिवस हाताशी असतील तर ते कोयासानला द्या. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत जायचं आणि तिथून केबल कारने जेमतेम पाच मिनिटांत डोंगर चढायचा. वर, सुमारे ८०० मीटर उंचीवर, शंभराहून अधिक मंदिरांचं गाव आहे. त्यातल्या पन्नासएक मंदिरांत प्रवाशांना राहता येतं. या मुक्कामाला शुकुबो म्हणतात. २००४ पासून हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे.

केबल कारच्या स्टेशनवरून बस घ्यावी लागते, कारण तो रस्ता पायी चालणाऱ्यांना बंद आहे. बसचा सुरुवातीचाच एक थांबा न्योनिन्दो, म्हणजे बायकांचं देऊळ. या डोंगरावर बायकांना शेकडो वर्षं प्रवेश नव्हता. वर येणाऱ्या सात वाटांच्या तोंडाशी त्यांच्यासाठी अशी सात देवळं होती. तिथवर यायचं, रात्र काढायची आणि डोंगराच्या कडेकडेने फिरून आतल्या देवळांचं लांबूनच दर्शन घ्यायचं. सरकारने १८७२ साली देशभरातली अशी बंदी उठवली, तरी डोंगरावर ती पुरती सुटायला आणखी बरीच वर्षं गेली. सातांपैकी आता हे एकच देऊळ उरलंय. आम्ही मुद्दाम उतरलो. आई आत हात जोडून बराच वेळ उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "इथवर येऊन परत जाणाऱ्या बायकांचे पाय किती दुखले असतील गं." कोयासानला जाणाऱ्या प्रत्येक बाईने इथे उतरावं, असं मला मनापासून वाटतं. पुढची बस थोड्या वेळात येतेच.

खोलीत तातामी, म्हणजे गवती चटयांची जमीन. तिच्यावर चपला तर नाहीतच, पण लाकडी व्हरांड्यात घालायच्या सपाताही नाहीत. सपाता दाराबाहेर सोडायच्या. शौचालयाच्या सपाता आणखी वेगळ्या, त्या तिथल्या तिथेच. भिंतीत एक कोनाड्यासारखी जागा असते, तिच्यात चित्राची गुंडाळी टांगलेली असते आणि फुलं ठेवलेली असतात. सामान ठेवायला ती सोयीची दिसते, पण तिथे बॅग ठेवू नका. आपण देव्हाऱ्यासमोर पिशवी टाकत नाही, तसंच समजा.

खोलीत घालायला युकाता, म्हणजे सुती झगा मिळतो. उजवी बाजू आत आणि डावी तिच्यावर, असाच तो नेसायचा. उलटा नेसवतात तो मृताला. आईला हे एका शब्दात कळलं. "म्हणजे अपसव्य," ती म्हणाली. जेवणाच्या काड्यांचंही तसंच. भातात काड्या उभ्या रोवायच्या नाहीत, कारण तसा भात मृतापुढे ठेवतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी अशा वेचतात. आपल्याकडे दक्षिणेला तोंड करून जेवायला का बसवत नाहीत हे ज्याला माहीत आहे, त्याला या गोष्टी एकदा सांगितल्या की पुरे.

शाकाहारी माणसाला जपानमध्ये जेवणाची खरोखर काळजी घ्यावी लागते. दिसायला नुसतं भाजीचं असलेलं सूपसुद्धा बहुतेक वेळा माशाच्या अर्कावर केलेलं असतं. देवळातलं शोजिन र्‍योरी मात्र मांस-मासळीशिवायचं, आणि त्यात कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या आईला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ताट न विचारता जेवता आलं. अर्क समुद्री शेवाळाचा आणि शिताके अळंब्यांचा. कोया-दोफु हा गोठवून सुकवलेला टोफू या डोंगराच्या नावाचाच. तो स्पंजासारखा रस धरून ठेवतो, दाबला की तोंडभर गोडसर रस सुटतो. गोमा-दोफुत नावापुरताच टोफू. तीळ आणि कुडझूच्या मुळाचं पीठ घोटून केलेली ती मऊ वडी असते. जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच येतं आणि भिक्षू ते वेळेवर मांडतात, म्हणून त्याआधी पोचा. पानात टाकू नका. सुरुवातीला हात जोडून "इतादाकिमासु" आणि शेवटी "गोचिसोसामा" म्हणा. या दोन शब्दांनी वाढणाऱ्याचा चेहरा किती उजळतो ते बघाच.

सामाईक स्नानगृहाचा आईला संकोच होता. तिथे कपडे घालून उतरत नाहीत. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची आणि मगच गरम पाण्याच्या कुंडात बसायचं. केस वर बांधायचे, रुमाल पाण्यात बुडवायचा नाही. तेच पाणी आपल्यानंतरचा वापरणार असतो. आम्ही अगदी उशिरा, रिकामं असताना गेलो. पहिल्या पाच मिनिटांनंतर आई बाहेर यायला तयार नव्हती.

सकाळी सहाला प्रार्थना. अंधारा गाभारा, टांगलेले दिवे, धूप. फोटो काढायचे नाहीत आणि मध्येच उठायचं नाही. मांडी घालून बसलं तरी चालतं, आणि गुडघे दुखत असतील तर आदल्या रात्रीच खुर्ची मागून ठेवा. भिक्षूंचा पाठ सुरू झाला आणि थोड्या वेळाने आईने माझा हात दाबला. "ओन् अबोक्या बेइरोशानो..." ती कुजबुजली, "ॐ अमोघ वैरोचन!" खरंच तेच होतं. पुढच्या "मानि हान्दोमा"तले मणी आणि पद्मही ओळखू आले. नंतर अग्नी पेटवला, त्याला ते गोमा म्हणतात. तो आपला होमच.

हे मंत्र आणि होम इथे आणले कुकाई या बौद्ध भिक्षूंनी. ते ८०४ साली चीनला गेले, तिथे मंत्रमार्गाबरोबर संस्कृत लिहायची सिद्धम् लिपीही शिकले, आणि ८१६ साली त्यांना हा डोंगर मिळाला. ८३५ मध्ये ते ध्यानात गेले आणि इथल्या श्रद्धेप्रमाणे आजही ध्यानातच आहेत. रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला दोन भिक्षू लाकडी पेटीतून त्यांचं जेवण घेऊन जातात. "संजीवन समाधी," आई म्हणाली. आळंदी पाहिलेल्या माणसाला यापुढे काही समजावावं लागत नाही.

समाधीकडे जाणारी ओकुनोइनची वाट दोन किलोमीटरची आहे. दोन्ही बाजूंना उंच सुगी वृक्ष आणि दोन लाखांहून अधिक थडगी. सोळाव्या शतकातला सरदार ओदा नोबुनागा आणि त्याच्यावर उलटलेला त्याचाच सेनानी आकेची मित्सुहिदे, दोघांचीही स्मारकं इथे एकाच झाडीत आहेत. पण मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती पाच-पाच दगड रचलेल्या स्तूपांपाशी. खाली चौकोन, त्यावर गोल, मग उतरत्या छपरासारखा दगड, अर्धगोल आणि टोकाला मण्यासारखा दगड. ही पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. शेवाळ पुसट झालं होतं तिथे सिद्धम् अक्षरं कोरलेली दिसत होती. ती खालून वर वाचायची: अ, व, र, ह, ख. आईने आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलांना मुळाक्षरं गिरवायला लावली. तिने दगडाला हात लावला नाही, हवेतच बोट फिरवून एकेक अक्षर गिरवलं.

शेवटी गोब्योबाशी पूल. पूल ओलांडण्यापूर्वी थांबून वाकायचं आणि टोपी काढायची. पलीकडे फोटो नाही, खाणंपिणं नाही. फलक आहेत, पण ते न वाचताही मान आपोआप लवते. इथे टाळ्या वाजवायच्या नाहीत, टाळ्या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या देवस्थानांत. बुद्धमंदिरात नुसते हात जोडायचे.

परतीच्या गाडीत मी आईला जपानी अक्षरांचा क्रम दाखवला: आ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम आपल्या वर्णमालेवरूनच आलेला आहे. आवाज हळू ठेवून, कारण जपानी गाडीत कुणी मोठ्याने बोलत नाही, ती स्टेशनांच्या पाट्या वाचत बसली. नाम्बा आलं तेव्हा पाटीकडे बोट दाखवून म्हणाली, "हा ना. आणि त्याच्या पुढचा तो न्."