रात्री बाराची लाळ

कपाटाचा खालचा खण आवरायला उकिडवी बसले आणि मला उठताच येईना. गुडघे दुखत नव्हते, मांड्यांत जोरच उरला नव्हता. शेवटी कपाटाच्या कडेला धरून स्वतःला वर ओढलं. त्याआधी वर्षभर वजन वाढत होतं, पण सगळं पोटावर आणि चेहऱ्यावर. हातपाय काटकुळे. जरा कुठे आपटलं की काळंनिळं. आणि रोज रात्री तीनला टक्क जाग.

रक्तदाबाची गोळी एकाकडून, साखरेची दुसऱ्याकडून, झोपेची तिसऱ्याकडून. "कमी खा, ताण घेऊ नका," असं सांगून एकांनी परत पाठवलं. मी खरोखर कमी खात होते, म्हणून ते जास्त लागलं. मध्ये कुणीतरी सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाला तोंड द्यायला शरीर बनवतं ते हॉर्मोन, तपासायला सांगितलं. ते नॉर्मल आलं आणि तो विषय तिथेच मिटला. त्यात माझे सात महिने गेले.

हॉर्मोन्सच्या डॉक्टरांनी आधी वेगळंच विचारलं: त्वचेला लावायचं मलम, दम्याचा पंप, सांध्यातलं इंजेक्शन, कुठून तरी आणलेल्या पुड्या, असं काही चालू आहे का? बाहेरून येणारं स्टेरॉइड हे या लक्षणांचं सगळ्यात नेहमीचं कारण असतं. माझं तसं काहीच नव्हतं. मग त्यांनी हात न टेकता खुर्चीतून उठायला लावलं आणि पोटावरचे रुंद जांभळे चट्टे पाहिले.

सकाळच्या रिपोर्टचं कोडं त्यांनी उलगडलं. कॉर्टिसॉल पहाटे चढतं, जाग येण्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि मध्यरात्री तळाला जातं. कुशिंगच्या आजारात, म्हणजे शरीर गरजेपेक्षा जास्त कॉर्टिसॉल बनवत राहतं तेव्हा, सकाळचा आकडा अगदी नॉर्मल असू शकतो, रात्रीची उतरण मात्र नाहीशी होते. रिपोर्ट खोटा नव्हता, घड्याळातली वेळ चुकली होती. हे ऐकताना मला रडू आलं. माझी तीनची जाग कुणीतरी पहिल्यांदाच खरी मानली होती.

मग मध्यरात्रीचं कॉर्टिसॉल मोजायला दोन रात्री लाळ. जेवणानंतर ब्रश करायचा नाही, कारण हिरडीतलं रक्त लाळेत मिसळलं तर आकडा बिघडतो. कापसाची छोटी वळकटी दोन मिनिटं तोंडात फिरवायची, नळीत टाकायची, वर वेळ लिहायची. चोवीस तासांची लघवी गोळा केली. सकाळची पहिली सोडून द्यायची, दुसऱ्या दिवशीची पहिली मात्र धरायची. शिवाय रात्री अकराला डेक्सामेथासोन या कृत्रिम स्टेरॉइडची 1 मिलिग्रॅमची गोळी आणि सकाळी आठला रक्त. त्या गोळीने कॉर्टिसॉल 1.8 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली दबायला हवं होतं, माझं 9 च्या वर राहिलं. (गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर या तपासणीआधी सांगाच, त्यांनी आकडा फुगतो.)

एसीटीएच, म्हणजे कॉर्टिसॉल बनवायचा हुकूम देणारं हॉर्मोन, दबलेलं नव्हतं, म्हणजे संशय ते सोडणाऱ्या, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीवर. पण एमआरआयमध्ये स्पष्ट काही दिसेना. तो आठवडा सगळ्यात वाईट गेला. वाटाण्याएवढ्या ग्रंथीतली काही मिलिमीटरची गाठ बऱ्याच जणांत दिसत नाही, हे समजत होतं, पण मनाला पटत नव्हतं. 1932 साली हार्वे कुशिंग यांनी हा आजार पिट्युटरीच्या अशाच बारीक गाठींशी जोडला, तेव्हा तर रक्तातलं कॉर्टिसॉल मोजायचीही सोय नव्हती.

मग जांघेतल्या शिरांतून दोन बारीक नळ्या पिट्युटरीचं रक्त जिथून वाहून येतं तिथपर्यंत नेल्या. मी जागी होते. दोन्ही बाजूंचं आणि हाताचं रक्त एकाच क्षणी घ्यायचं असल्याने सिस्टर मोठ्याने मिनिटं मोजत होत्या. प्रत्येक नळी लगेच बर्फात. एसीटीएच वाढवणारं औषध दिल्यावर वरच्या रक्तातलं एसीटीएच हातातल्या रक्ताच्या किमान तिप्पट हवं. माझं त्याच्या कितीतरी पट होतं. उत्तर मिळालं: दोष पिट्युटरीतच होता.

शस्त्रक्रिया नाकातून झाली. दोन दिवसांत कॉर्टिसॉल जवळपास शून्यावर आलं. डॉक्टर हसत आत आले, आणि मी मात्र अंग मोडून पडलेली. इतकी वर्षं दबून राहिलेला पिट्युटरीचा निरोगी भाग जागा व्हायला वेळ घेतो, तोवर कॉर्टिसॉलची उणीव हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळीतून भरायची. सकाळी मोठा डोस, दुपारी छोटा. ताप आला तर दुप्पट, उलट्या होऊन गोळी टिकली नाही तर ताबडतोब इंजेक्शन. तशी चिठ्ठी मी अजून पर्समध्ये ठेवते. सांधे इतके दुखत की आजारच बरा होता असं वाटे. हे दिवस येणार, हे आधी नीट सांगायला हवं, घरच्यांनाही.

गोळी सुटायला अकरा महिने लागले. साखरेची गोळी त्याआधीच बंद झाली होती.

आजार उलटू शकतो आणि त्याची चाहूल बहुतेकदा रात्रीच्या लाळेतच आधी लागते, म्हणून दर वर्षी तपासणी असते. परवाच झाली. झोप अनावर होत होती, तरी गजर लावून बसून राहिले, वळकटी नळीत टाकली आणि वर लिहिलं: 12.05.