नाव घातलेली भांडी

गेल्या महिन्यात आमच्या बैठकीचा रविवार नेमका संकष्टीचा निघाला. त्यामुळे सांगलीच्या विश्रामबागेतल्या यजमानांच्या दिवाणखान्यात सतरंजीवर एकतीस बिअरचे मग ओळीने मांडलेले आहेत आणि त्यांच्याभोवती मांडी घालून बसलेली सात माणसे साबुदाण्याची खिचडी खात आहेत, असे दृश्य वर्गणी मागायला आलेल्या शेजाऱ्यांना पाहावे लागले. ते पावती न फाडताच परत गेले. आमच्या सातांपैकी चौघांनी बिअरला आयुष्यात तोंड लावलेले नाही, दोघांची ती डॉक्टरांनी बंद केली आहे आणि उरलेल्या एकाला ती कडू लागते, हे सांगण्याची संधीही त्यांनी दिली नाही.

हे मग हॉटेलात दिसणारे काचेचे मग नव्हेत. हे जर्मनीतले, बहुतेक भाजलेल्या मातीचे, जाड कानाचे, आणि कानाला बिजागरीने जोडलेले धातूचे झाकण असलेले मग आहेत. अंगठ्याने खटका दाबला की झाकण उघडते आणि दुसरा हात मोकळा राहतो. इंग्रजीत त्यांना स्टाइन म्हणतात. खुद्द जर्मनीत मात्र 'क्रूग' हा शब्द चालतो, आणि तिथल्या दुकानात नुसता 'स्टाइन' मागितल्यावर दुकानदाराने हातावर दगड ठेवला तरी तक्रार करता येणार नाही, कारण त्या शब्दाचा अर्थच दगड असा आहे. अशा मगांच्या संग्राहकांची अमेरिकेत 1965 मध्ये सुरू झालेली एक आंतरराष्ट्रीय संस्था असून तिची मोठी अधिवेशने भरतात. तिच्यापुढे आमचे मंडळ म्हणजे गल्लीतली भिशी. यजमान तरुणपणी कारखान्यातर्फे प्रशिक्षणासाठी जर्मनीला गेले होते, दोघांची मुले तिकडे नोकरीला आहेत, आणि माझ्याकडचा एकुलता एक मग जुन्या बाजारात स्टोव्हच्या सुट्या भागांच्या ढिगात सापडलेला आहे.

तो घरी आणला तेव्हा आईने त्याला एका दृष्टिक्षेपात ओळखले. "बरणी आहे की ही," ती म्हणाली, "पण हिला कान कशाला?" पुढे वाचनात आले तेव्हा तिचे म्हणणे किती नेमके होते ते कळले. ऱ्हाइनच्या खोऱ्यातल्या वेस्टरवाल्ड भागातले राखाडी मग, ज्यांच्यावर कोबाल्टची निळी नक्षी असते, ते भट्टी 1200 अंशांच्या पुढे तापली की तिच्यात मूठमूठ मीठ टाकून भाजले जात. मिठाची वाफ होते, तिच्यातला सोडियम मातीतल्या वाळूच्या अंशाशी एकजीव होतो आणि भांड्याला काचेसारखी, किंचित संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत झिलई चढते. अशा भांड्यात द्रव मुरत नाही आणि आंबटाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. लोणच्याच्या बरणीकडून आपण याहून वेगळे काय मागतो? आमच्या घरी त्या मगात दोन वर्षे लिंबाचे लोणचे होते, आणि ते बिघडले नाही.

झाकणाची गोष्ट निराळी. ते प्यूटर नावाच्या मिश्रधातूचे असते, म्हणजे मुख्यतः कथिलाचे, आपल्या कल्हईच्याच कुळातले. त्याच्यावर काळाने चढलेली मंद काळपट छटा संग्राहक जिवापाड जपतात. आमच्या एका सदस्यांच्या वहिनींनी दिवाळीच्या साफसफाईत तांब्या-पितळेबरोबर तेही चिंच आणि रांगोळीने घासून लखलखीत केले; ते गृहस्थ त्या दिवाळीत फराळालाही बसले नाहीत. माझी सहानुभूती, खरे सांगायचे तर, वहिनींकडे आहे.

बैठकीत आम्ही काय करतो, तर भांडी उपडी करून पाहतो. मेटलाख गावातल्या जुन्या मठाच्या इमारतीत व्हिलेरॉय आणि बोख यांचा कारखाना होता. तिथल्या मगांच्या बुडाशी साच्याचा क्रमांक उठवलेला असतो आणि पुष्कळदा वर्षाचे शेवटचे दोन आकडेही. काही मगांना पोर्सेलीनचे पातळ बूड असते. ते उजेडापुढे धरले की त्यात चित्र उमटते, म्हणजे पिणाऱ्याला ते शेवटच्या घोटानंतरच दिसावे अशी योजना.

तसे बूड असलेला एकच मग आमच्या मंडळात आहे, आणि मला सर्वांत जवळचा वाटतो तोच. पहिल्या महायुद्धाआधीच्या जर्मनीत सक्तीची लष्करी नोकरी संपवून घरी निघालेला जवान स्वतःच्या पैशाने असा मग करवून घेत असे. त्याच्यावर 'माझ्या सेवाकाळाची आठवण' अशा अर्थाची ओळ, पलटणीचा क्रमांक, छावणीचे गाव, नोकरीची वर्षे, त्याचे स्वतःचे नाव आणि कानाच्या दोन्ही बाजूंना बरोबरच्या सोबत्यांची नावे असत. पायदळातली दोन वर्षे, घोडदळातली तीन. पुढे शेतावर किंवा सुतारकामाला परतायचे. आमच्या मगाच्या बुडाशी एक जवान एका मुलीचा निरोप घेतो आहे. अशा मगांच्या नकलाही पुढे उदंड निघाल्या, आणि आमचा अस्सल की नक्कल यावर मंडळात दोन तट आहेत. मी तिसऱ्या तटात आहे, कारण मला त्यातली नावे वाचायला आवडतात.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची हौस काय कमी होती? लग्नात द्यायचे पातेले असो वा डबा, दुकानातला माणूस बारीक छिन्नीने ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे उठवत असे. मागाहून त्याच्या हातात गुणगुणणारे यंत्र आले. कोणाला, कोणाकडून, कोणत्या तारखेला, एवढेच तीन ओळींत असे. 2019 च्या महापुरात गावभागातल्या आमच्या एका सदस्यांच्या घरातून आजीची घागर वाहून गेली, आणि पाणी ओसरल्यावर चार गल्ल्या पलीकडच्या एकाने ती नाव वाचून आणून दिली. त्याच घरातला वेस्टरवाल्डचा मग गाळाने काठोकाठ भरून जागच्या जागी होता. तो धुतला तेव्हा नवा निघाला, पण वाहून गेला असता तर त्याला कोणी परत आणले नसते, कारण त्याच्यावर नाव नव्हते.

खिचडीनंतर यजमानांच्या पत्नींनी सात जणांचा चहा पातेल्यातूनच आणून कपांत गाळला आणि पातेले तिथेच ठेवून त्या आत गेल्या. सवयीने एकाने ते उपडे केले, आणि काठाजवळची अक्षरे दिसताच चष्मे पुढे सरसावले. मामा-मामींकडून सप्रेम, हे स्पष्ट होते. 18-5 पर्यंतही कोणाचा मतभेद नव्हता. वर्षातला शेवटचा आकडा मात्र घासून गेलेला. एकाच्या मते तो चार होता, दुसऱ्याच्या मते नऊ. पातेले खिडकीच्या उजेडात तिरपे धरले गेले, कोणी भिंगही काढले.

"चौऱ्याहत्तर," स्वयंपाकघरातून आवाज आला. "आणि आता द्या ते इकडे. चंद्रोदयाला मोदक उकडायचे आहेत त्यात."