कोर्तेसची पाटी आणि हुआरेसचा संगमरवर

मेक्सिको सिटीच्या जुन्या वस्तीत, सोकालो या मुख्य चौकापासून थोड्याच अंतरावर, १५२४ साली सुरू झालेले एक रुग्णालय आजही चालू आहे. अ‍ॅझ्टेक साम्राज्य जिंकणाऱ्या एर्नान कोर्तेसने ते स्थापन केले, आणि नोव्हेंबर १५१९ मध्ये सम्राट मोक्तेसुमाशी त्याची पहिली भेट याच परिसरात झाली असे मानले जाते. रुग्णालयाला लागून असलेल्या चर्चमध्ये कोर्तेसच्या अस्थी आहेत हे वाचून मी तेथे गेलो, पण बाहेर तशी पाटी कोठेच दिसेना. आत झाडलोट करणाऱ्या गृहस्थांना विचारले, तेव्हा त्यांनी हातातला झाडू न सोडता नुसत्या मानेनेच वेदीच्या डाव्या बाजूची भिंत दाखवली. त्या भिंतीवर एक साधी पाटी आहे आणि तिच्यावर नाव व जन्ममृत्यूची साले, १४८५ आणि १५४७, एवढेच कोरलेले आहे. स्वातंत्र्यानंतर, १८२३ साली, जमाव अस्थींची विटंबना करील या भीतीने लुकास आलामान या राजकारण्याने त्या लपवल्या, आणि १९४६ साली त्या याच चर्चच्या भिंतीत सापडल्या.

ज्या देशात बहुसंख्य लोक स्पॅनिश बोलतात आणि कॅथलिक पंथ पाळतात, तेथे ही भाषा आणि हा पंथ आणणाऱ्या माणसाच्या वाट्याला एवढीच जागा यावी, याचा उलगडा मला पासेओ दे ला रेफॉर्मा या राजमार्गावर फिरताना होत गेला. कोणत्या पूर्वजाला चौथरा द्यायचा आणि कोणाला भिंतीत ठेवायचे, हे येथे प्रत्येक राजवटीने आपापल्या सोयीने ठरवले आहे. स्पॅनिशांशी शेवटपर्यंत लढलेला अ‍ॅझ्टेक राजा क्वाउतेमोक याचा भव्य पुतळा या रस्त्यावर १८८७ साली उभा राहिला, तो पोर्फिरियो दियास यांच्या राजवटीत. याच दियास यांच्या राजवटीने पुढे उत्तरेकडील याकी लोकांना त्यांच्या जमिनीवरून हुसकावून हजारोंच्या संख्येने दूर युकातानच्या मळ्यांवर पाठवले. मेलेल्या आदिवासी राजाला ब्राँझमध्ये ओतणे आणि जिवंत आदिवासींना हद्दपार करणे ही दोन्ही कामे एकाच सरकारला करता आली, यात त्या सरकारला काही विसंगती वाटल्याचे दिसत नाही.

त्याच रस्त्यावर कोलंबसचाही पुतळा होता. १० ऑक्टोबर २०२० रोजी शहर प्रशासनाने डागडुजीचे कारण देऊन तो हलवला आणि पुन्हा बसवला नाही. शहराच्या प्रमुख तेव्हा क्लाउदिया शेनबाउम होत्या. त्या जागी मूलनिवासी स्त्रीचे शिल्प उभारण्याचे त्यांनी जाहीर केले, पण ते घडवण्याचे काम मूलनिवासी नसलेल्या एका पुरुष शिल्पकाराकडे दिले गेल्याने टीका झाली आणि तो बेत मागे पडला. पुढे वेराक्रूस राज्यात लिंबूवर्गीय फळांच्या बागेत शेतकऱ्यांना सापडलेल्या एका प्राचीन स्त्रीशिल्पाची प्रतिकृती जवळच बसवण्यात आली. दरम्यान स्त्री-संघटनांनी रिकाम्या चौथऱ्यावर मूठ उगारलेल्या मुलीची आकृती स्वतःच नेऊन ठेवली होती. मी पाहिली तेव्हा तिच्या भोवतालच्या पत्र्यांवर बेपत्ता आणि मृत स्त्रियांची नावे रंगवलेली होती. कोलंबस हलल्यावर दोनच दिवसांनी, १२ ऑक्टोबरला, याच शहरात राहणाऱ्या ओतोमी कुटुंबांनी मूलनिवासींसाठीच्या सरकारी संस्थेच्या इमारतीचा ताबा घेतला. त्यांची मागणी पुतळ्याची नव्हतीच; त्यांना राहायला घरे हवी होती.

आलामेदा बागेच्या कडेला बेनितो हुआरेस यांचे पांढऱ्याशुभ्र संगमरवराचे अर्धवर्तुळाकार स्मारक आहे. हुआरेस १८०६ साली वाहाका प्रांतातील गेलाताओ या खेड्यात सापोतेक या मूलनिवासी समाजातील कुटुंबात जन्मले, लहानपणीच पोरके झाले, बाराव्या वर्षी शहरात आले तेव्हा त्यांना स्पॅनिश जेमतेम येत होते, आणि पुढे ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. फ्रेंचांनी गादीवर बसवलेल्या माक्सिमिलियान बादशहाला त्यांच्या सरकारने १८६७ साली केरेतारो येथे गोळ्या घातल्या, ही बातमी त्या काळी साऱ्या युरोपला हादरवणारी होती. त्यांचा जन्मदिवस २१ मार्च; त्यानिमित्त मार्चच्या तिसऱ्या सोमवारी राष्ट्रीय सुट्टी असते. (मुसोलिनीच्या समाजवादी बापाने मुलाचे नाव बेनितो ठेवले ते यांच्यावरूनच, मुलाने त्या नावाचे काय केले ते सर्वज्ञात आहे.) मात्र हुआरेस ज्या उदारमतवादी पक्षाचे नेते होते, त्या पक्षाने १८५६ च्या लेर्दो कायद्याने चर्चच्या मालमत्तेबरोबरच गावांच्या सामाईक जमिनीही मोडीत काढायला सुरुवात केली. कायद्यापुढे सर्व नागरिक समान, मग आदिवासी गावाला वेगळी सामाईक मालकी कशाला, असा तो विचार होता. त्याचा परिणाम म्हणून पुढच्या अर्धशतकात अनेक गावांच्या जमिनी जमीनदारांच्या घशात गेल्या. अमेरिका खंडातील सर्वांत नामवंत मूलनिवासी राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाने मूलनिवासी गावाचा पाया खिळखिळा करावा, ही गोष्ट त्या संगमरवरापुढे उभे राहिल्यावर मला सारखी टोचत राहिली. ते स्मारक १९१० साली बांधले दियास यांनी, ज्यांनी हुआरेस हयात असताना त्यांच्याविरुद्ध बंड केले होते.

दियास यांची सत्ता उलथवणाऱ्या क्रांतीनंतरच्या नेत्यांनी दगडापेक्षा भिंतींवर भर दिला. १९२१ ते १९२४ या काळात शिक्षणमंत्री असलेल्या होसे वास्कोन्सेलोस यांनी चित्रकारांना सरकारी इमारतींच्या भिंती खुल्या करून दिल्या, आणि स्पॅनिश व मूलनिवासी रक्ताच्या मिश्रणातून घडलेला मेस्तिसो हाच खरा मेक्सिकन, ही कल्पना शाळाशाळांतून रुजवली. शिक्षण खात्याच्या जुन्या वास्तूत दिएगो रिवेरा यांनी १९२३ ते १९२८ या काळात शंभराहून अधिक चित्रफलक रंगवले. तेथे मराठी माणसाने थांबावेच असा एक फलक आहे. जेवणाच्या मेजाभोवती नाना वर्णांची माणसे बसली आहेत आणि मध्यभागी भाकर मोडून वाटणारा पुरुष म्हणजे आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतील हे क्रांतिकारक १९२० च्या दशकात मेक्सिकोत आले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालवल्या. मी बराच वेळ तेथे उभा राहिलो. बाहेर पदपथावर एक बाई निळसर मक्याच्या पिठाचे लंबगोल तळहातावर भाकरीसारखे थापून तव्यावर टाकत होती आणि शेजारच्या मुलीशी ज्या भाषेत बोलत होती ती स्पॅनिश नव्हती.

२०२० च्या जनगणनेनुसार मूलनिवासी भाषा बोलणारे सुमारे ७३ लाख, म्हणजे तीन वर्षांवरील लोकसंख्येच्या सहा टक्क्यांच्या आसपास आहेत. शेनबाउम १ ऑक्टोबर २०२४ रोजी राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा सोकालोवर मूलनिवासी स्त्रियांनी त्यांना अधिकारदंड दिला. स्पेनच्या राजाला समारंभाचे निमंत्रणच नव्हते, कारण २०१९ साली आधीच्या राष्ट्राध्यक्षांनी स्पॅनिश विजयकाळातील अत्याचारांबद्दल माफीची मागणी करणारे पत्र धाडले होते आणि माद्रिदने ती फेटाळली होती. त्याच सुमारास घटनादुरुस्ती होऊन मूलनिवासी समाजांना सार्वजनिक कायद्यातील स्वतंत्र स्थान मिळाले, ही मला अधिकारदंडापेक्षा मोठी गोष्ट वाटते. पण जमीन आणि प्रदेशावरील हक्कांच्या बाबतीत ती तोकडी पडल्याची टीकाही झाली.

चापिंगोला मी मुद्दाम गेलो. पूर्वी ही एका राष्ट्राध्यक्षाची हासिएंदा, म्हणजे जमीनदारी होती. आता तेथे कृषी विद्यापीठ आहे आणि २०२२ साली बसवलेला खानखोज्यांचा पुतळाही आहे. ‘जमिनीचा उपयोग शिकवायचा, माणसाचा वापर नव्हे’ अशा आशयाचे येथले बोधवाक्य आहे. वाहाकाच्या डोंगरातून आलेला एक सापोतेक विद्यार्थी मला प्रार्थनागृहातील रिवेरांची चित्रे दाखवायला आला. हुआरेस यांच्याबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘आमच्या शाळेत त्यांची तसबीर आहे, पण गावाच्या जंगलाचा दावा माझ्या आजोबांपासून कोर्टात आहे.’’ त्याला मृदाशास्त्र शिकून गावीच परतायचे होते, आणि तेथील ग्रामसभेत त्याच्या नावाची नोंद आताच झाली होती.