४६ मिलीमीटरच्या आत: नागपूरच्या उन्हाळ्यात टिकेल असा लो-प्रोफाइल (कमी उंचीचा) पीसी कूलर

छोटा पीसी बिल्ड करायचा म्हटलं की बहुतेक लोक आधी केस पसंत करतात, मग प्रोसेसर, रॅम, एसएसडी, आणि कूलरचा, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पत्रे-पंख्याचा, नंबर सगळ्यात शेवटी लागतो, "बसेल तो घेऊ" म्हणून. माझं मत अगदी उलट आहे. दोन-तीन लिटरच्या डब्यात कूलरच ठरवतो की तुमचा प्रोसेसर खरंच किती काम करणार, आणि ज्यांच्या घरी मे महिन्यात दुपारी बाहेर ४४-४५ डिग्री असतं त्यांच्यासाठी तर हे दुप्पट खरं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी नोकरी पुण्यात आणि घर नागपूरला, त्यामुळे मला बॅगेत टाकून ट्रेनमध्ये नेता येईल असाच पीसी हवा होता, मॉनिटर कीबोर्ड दोन्हीकडे आहेतच. लॅपटॉप घे असं सगळ्यांनी सांगितलं पण मला स्वतः उघडता येईल, प्रोसेसर बदलता येईल असं मशीन आवडतं. शेवटी एएसरॉकचा डेस्कमिनी एक्स३०० घेतला, अख्खा डबा २ लिटरपेक्षाही कमी, पॉवर सप्लाय म्हणजे बाहेरचा १२० वॅटचा लॅपटॉपसारखा अ‍ॅडॅप्टर, आणि आत रायझन ५ ५६००जी, ६ कोर, ग्राफिक्स आतच असलेला. हा प्रोसेसर बॉक्समध्ये एएमडीच्या रेथ स्टेल्थ कूलरसोबत येतो, पण तो कूलर आहे ५४ मिलीमीटर उंच आणि डेस्कमिनीत जागा आहे ४६ मिलीमीटर. म्हणजे बॉक्सवाला कूलर पहिल्याच दिवशी बाद.

मग शोध सुरू. सीताबर्डीत विचारलं तर दुकानदार म्हणाला, "भाऊ, ह्या साइजचा कोणी मागतच नाही ना, टॉवरवाला घेऊन जा, मस्त थंड ठेवते." मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला पण काउंटरवर जे दिसतं ते १५५ मिलीमीटरचे टॉवर, म्हणजे उंच उभे कूलर, आणि आरजीबीवाले लिक्विड कूलर. दुकानदारांना दोष नाही, जे खपतं तेच ते ठेवणार. पण त्यामुळे ही खरेदी शेवटी ऑनलाइनच होते, हातात घेऊन बघता येत नाही, म्हणून स्पेसिफिकेशन नीट वाचणं आलं.

माझ्या यादीत हे होते. नॉक्टुआचा एनएच-एल९ए, एएम४ (माझा एएमडी प्रोसेसर ज्यात बसतो ते सॉकेट) साठीचा, ३७ मिलीमीटर. थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स३६, नावाप्रमाणे ३६ मिलीमीटर, आणि त्याचाच मोठा भाऊ एक्स४७. आयडी-कूलिंगचा आयएस-४०एक्स, ४५ मिलीमीटर. यातला एक्स४७ सगळ्यात दमदार, चार हीटपाइप (उष्णता पत्र्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्या), पूर्ण तांब्याचं व्हर्जन पण मिळतं, पण तो ४७ म्हणजे लिमिटच्या एक मिलीमीटर वर. काही लोक असा एखादा मिलीमीटर दाबून बसवतात, मला ते पटत नाही, जी मशीन रोज पिशवीतून हिंडणार आहे तिच्यात पंखा झाकणाला टेकलेला नको.

आता कागदावर बघितलं तर ४५ वाला ३७ वाल्यापेक्षा बरा वाटतो, पत्रे उंच, जागा पुरेपूर वापरली. पण इथेच एक गोष्ट लक्षात घ्यायची, जी स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात लिहिलेली नसते. हे सगळे कूलर वरून हवा ओढून खाली बोर्डावर फेकतात. पंखा आणि झाकणाची जाळी यांच्यात एकच मिलीमीटर उरला तर पंखा जाळीच्या इतका जवळ येतो की हवा नीट ओढली जात नाही आणि वरून शिटीसारखा किंवा घरघर असा आवाज यायला लागतो. उलट जास्त फट सोडली तर दुसराच त्रास, पंखा बाहेरची ताजी हवा ओढायच्या ऐवजी डब्यातलीच गरम झालेली हवा पुन्हा पुन्हा फिरवत बसतो. ३७ वाल्या कूलरने ९ मिलीमीटरची फट राहते. ती फट बाजूने फोमची कड लावून बंद केली की पंख्याला फक्त जाळीतूनच हवा मिळते. नॉक्टुआ यासाठी एनए-एफडी१ नावाचं तयार किट विकतं, एकावर एक लावायच्या फोमच्या चौकटी असतात त्यात. दारं-खिडक्यांना लावायची फोमची पट्टी मोजून कापली तरी काम होतं, मी तेच केलंय, फक्त पट्टी पंख्याच्या पात्यांना लागत नाही ना हे हाताने फिरवून बघा.

वरून खाली हवा मारणाऱ्या कूलरचा एक मोठा फायदा आहे जो टॉवरवाल्यांना मिळत नाही. प्रोसेसरच्या आजूबाजूचे व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग) आणि रॅम यांच्यावर पण वारा जातो. इतक्या छोट्या डब्यात वेगळा केस फॅन नसेल तर तोच एक वारा सगळ्यांना पुरवायचा असतो.

मी घेतला एनएच-एल९ए. त्यात हीटपाइप दोनच आहेत, एएक्सपी९० मध्ये चार, तरी घेतला, कारण मला ९२ बाय १४ मिलीमीटरचा तो पंखा हवा होता. जास्तीत जास्त २५०० आरपीएम, आणि सोबतच्या लो-नॉइज वायरने १८०० वर येतो. रात्री घरचे झोपलेले असताना टेबलावर चालणाऱ्या मशीनमध्ये पंख्याचा दर्जा मला दोन-चार डिग्रीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. किमतीचं बोलायचं तर महाग आहे, नाही म्हणत नाही, पैसे वाचवायचे असतील तर एक्स३६ बघा, तोही चांगला कूलर आहे.

घेताना सॉकेट मात्र दहा वेळा वाचा. एएम४ वाला एल९ए बसवताना बोर्डामागची मूळ बॅकप्लेट (आधाराची प्लेट) काढावी लागते आणि कूलरसोबत आलेली प्लेट लावून स्क्रू मागच्या बाजूने आवळायचे असतात. एएम५ या नव्या सॉकेटमध्ये बॅकप्लेट सॉकेटचाच भाग आहे, ती काढता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळा एएम५ वाला एल९ए घ्यावा लागतो. इंटेलवाल्यांचंही तसंच, एलजीए१२०० सॉकेटपर्यंत कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलीमीटर होतं, २०२१ मध्ये १२व्या जनरेशनसोबत एलजीए१७०० आलं आणि ते ७८ झालं. तीन मिलीमीटरच, पण जुनं किट बसत नाही, आणि सेकंडहँड कूलर घेताना विकणारा हे सांगेलच असं नाही.

आता मुद्द्याचं, उन्हाळा. यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघताना एक आकडा आधी शोधा, टेस्ट करताना खोलीचं तापमान किती होतं. बहुतेक ठिकाणी ते २०-२२ च्या आसपास असतं. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या वर किती डिग्री जायचं तेवढं ठरवतो, आणि तो फरक वॅटच्या प्रमाणात वाढतो. समजा रिव्ह्यूमध्ये २२ च्या खोलीत ७८ आलंय, म्हणजे फरक ५६ चा. तेच मशीन तेवढ्याच लोडवर ३८ च्या खोलीत ठेवलं की हिशोबाने ९४. आणि ५६००जी ची मर्यादा आहे ९५. म्हणजे रिव्ह्यूमध्ये ज्याला लोक "मस्त चालतो" म्हणतात तोच कूलर आपल्याकडे मे महिन्यात काठावर उभा असतो, त्यात धूळ धरलीच नाही अजून.

यावर उपाय मोठा कूलर नाही, तो बसतच नाही. उपाय वॅट कमी करणं. ५६००जी चा टीडीपी (कागदावरचा वॅटचा आकडा) ६५ वॅट लिहिलेला असतो पण तो प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत खेचू शकतो, आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) सीटीडीपी, म्हणजे हाच आकडा बदलायचं सेटिंग, ४५ केलं की ती मर्यादा साधारण ६१ वर येते. वॅट जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात पण स्पीड त्या मानाने फारच थोडा कमी होतो, कारण शेवटच्या काही मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज खूप वाढवावं लागतं आणि बहुतेक उष्णता तिथेच तयार होते. माझं काम कोडिंग, ब्राउझर, थोडं फोटो एडिटिंग. ४५ वर मला रोजच्या वापरात फरक जाणवत नाही, फक्त मोठं एक्सपोर्ट थोडं जास्त वेळ घेतं. पुण्यात डिसेंबरमध्ये मी ६५ वर ठेवतो, नागपूरला होळीनंतर ४५.

फॅन कर्व्हला, म्हणजे किती डिग्रीला पंखा किती जोरात फिरेल त्या सेटिंगला, पण हात लावा. हे प्रोसेसर एखादं टॅब उघडलं तरी क्षणभर १५ डिग्री उसळतात, मग पंखा वर-खाली वर-खाली करत राहतो आणि तो आवाज सलग आवाजापेक्षा जास्त त्रास देतो. मी ६५ डिग्रीपर्यंत पंखा एकाच संथ स्पीडवर ठेवलाय, त्यापुढे हळूहळू चढ, आणि ८५ ला पूर्ण.

विदर्भातल्या मित्रांसाठी अजून एक. डेझर्ट कूलर लावल्यावर खोली बरीच उतरते आणि पीसीला पण त्याचा फायदा होतो, पण मशीन कूलरच्या थेट झोताच्या समोर ठेवू नका, त्या हवेत ओल असते आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचे क्षार जिथे बसतात तिथे पांढरा थर धरतो. बाजूला, झोताच्या रेषेच्या बाहेर ठेवा. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की डेझर्ट कूलर काम करत नाही, हवाच दमट, खोली ३३-३४ वर चिकट अडकलेली, तेव्हा लगेच ६५ वॅटवर परत जायची घाई करू नका, मी जुलै अर्धा जाऊ देतो.

ज्यांना ८ कोरचा ५७००जी रात्रंदिवस रेंडरिंगला लावायचाय त्यांनी ह्या साइजच्या नादाला लागू नये, सरळ ५५-७० मिलीमीटर कूलर मावेल अशी केस घ्या, मग एएक्सपी९०-एक्स५३ किंवा ७० मिलीमीटरचा एनएच-एल१२एस असे बरेच पर्याय उघडतात. कोणाकडे आयएस-४०एक्स डेस्कमिनीत लावलेला असेल आणि तो मे महिन्यात चालवला असेल तर खोलीचं तापमान आणि सीटीडीपी दोन्ही लिहून कळवा, नुसतं "थंड राहतो" यावरून काही ठरवता येत नाही.